कोचचं अक्षर

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज सकाळी आमच्या मॅनेजरने, प्रेस्टनने, एक बटण दाबलं आणि एकशे बारा पोरांना आमच्या लेखी ऑफर पोचल्या. वर शिष्यवृत्ती, तिच्याखाली पगाराचा आकडा. सतरा वर्षांच्या पोरांना पगार! गेल्या महिन्यापासून अमेरिकेतल्या कॉलेजांना फुटबॉलच्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, तेव्हापासून ऑफिसात सगळे बँकेत कामाला असल्यासारखे बोलतात.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारत नाही, म्हणून तर ही वही) पोरांना पैसे मिळायलाच हवे होते. टॅलिसन स्टेटच्या फुटबॉल ऑफिसात मला चोवीस वर्षं झाली. पोरांचे गुडघे जाताना पाहिलेत, आणि त्याच पोरांच्या नावाचे शर्ट विकून युनिव्हर्सिटीने बांधलेला पोहण्याचा तलावही पाहिलाय. तेव्हा पैशांबद्दल तक्रार नाही. माझी धास्ती एवढीच की यात आता माझं काय होणार.

माझं काम पत्रं लिहिण्याचं. हायस्कूलच्या चांगल्या खेळाडूंना कोच स्वतःच्या हाताने पत्र लिहितो, ही आमच्याकडची जुनी रीत. आई-आज्या ती पत्रं फ्रीजवर चिकटवतात. पण कोच लाइलचं अक्षर म्हणजे शाईत बुडवलेले कोंबडीचे पाय. अकरा वर्षांपूर्वी ते इथे आले तेव्हा मीच त्यांना एक अक्षर दिलं. जरा उजवीकडे कललेलं, ठाम, पण प्रेमळ. माझं माहेरचं अक्षर थोडं रुंद केलं की झालं. आता तेच कोचचं अक्षर म्हणून चार राज्यांत ओळखतात. सहीसुद्धा कोच माझ्यावरून शिकले. तरी अजून एल चुकवतात.

एकशे बारा पोरांमध्ये एक जार्व्हियन टार्व्हर आहे. सहा फूट सहा इंच, लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखणारा. इथून दीडशे मैलांवर कॉर्डरी गावात आजोबांजवळ राहतो. तो आलाच पाहिजे असं कोच म्हणतात. मीही म्हणते.

९ ऑगस्ट, शनिवार

मि. टार्व्हरांचं पत्र आलं. जार्व्हियन स्वतः काही लिहीत नाही, त्या पिढीला फोनवर चालवायला अंगठे तेवढे आहेत. उत्तरं आजोबा देतात. ॲन्सेल टार्व्हर, सदुसष्ट वर्षांचे, विधुर. एकतीस वर्षं त्यांनी कॉर्डरीच्या मातीच्या रस्त्यांवरून घरोघर टपाल वाटलं. नातवाला चार वर्षांचा असल्यापासून तेच वाढवतात.

गेल्या मार्चमध्ये कोचच्या नावाने पत्र लिहिताना मजकूर अपुरा पडला, म्हणून मी लिहून टाकलं की माझं अंजिराचं झाड थंडीने जळलं आणि मी सपाता घालून त्याच्याकडे बघत उभा राहिलो. झाड माझं, सपाता माझ्या. कोच राहतात त्या फाटकाआडच्या कॉलनीत साधं गवतसुद्धा विचारून उगवतं. यावर मि. टार्व्हरांनी दोन पानं लिहिली. झाड तोडू नका. मेलेल्या फांद्यांवर जाऊ नका, मुळाशी बघा, जूनपर्यंत धीर धरा. मी धीर धरला. मे संपता संपता खालून फुटवा आला. या वर्षी अकराच अंजिरं लागली, तेही मी कळवलं.

आजच्या पत्रात आहे, ‘अकरा म्हणजे खूप झाली. माझी बायको म्हणायची, मोजता येतील एवढी अंजिरं लागली की माणूस ती चावून खातो.’

ही पत्रं खरं तर ऑफिसच्या फायलीत ठेवायला हवीत. पण ऑफिसात हल्ली उंदीर फार झालेत, म्हणून मी ती घरी ठेवते.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रेस्टन माझ्या टेबलाशी आला. एकोणतीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी आलेला आमचा जनरल मॅनेजर. कोणाला किती द्यायचे ते हा ठरवतो. पोरगं वाईट नाही, पण कोणाशीही बोलताना त्याची नजर फोनवर असते.

“मिस व्हर्डेल, या महिन्यात किती पत्रं झाली?”

“एकशे चाळीस.”

“आणि त्यांतून किती पोरं आली?”

“पत्र म्हणजे मासे पकडायचा गळ नाही रे बाबा.”

“तेच तर म्हणतोय मी.” तो हसला. “पोरं आता पत्र वाचत नाहीत, एजंट आकडा वाचतो. आणि खरं सांगू? हायस्कूलची पोरं घेणं हाच आता घाट्याचा धंदा झालाय. तीन वर्षं खाऊपिऊ घालायचं, ताकद कमवून द्यायची, आणि चौथ्या वर्षी तो जास्त देणाऱ्याकडे उडणार. त्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेला तेवीस वर्षांचा तयार गडी उचलावा.”

“सगळ्यांनीच तयार गडी उचलायचे ठरवलं तर घडवणार कोण?”

“दुसरं कोणीतरी,” म्हणाला आणि उत्तर बरोबर आल्यासारखा निघून गेला.

बोलला ते खोटं नाही, म्हणून जास्त लागलं. पूर्वी दरवर्षी आम्ही पंचवीस हायस्कूलची पोरं घ्यायचो. यंदा अकरा.

६ सप्टेंबर, शनिवार

घरच्या मैदानावरचा पहिला सामना, जिंकलो. मी नेहमीसारखी खेळाडूंच्या घरच्यांच्या भागात तिकिटं बघायला होते. तिथे एफ रांगेत कडेची एक खुर्ची आहे, खांबाच्या सावलीत. वयस्क माणसाला बरी. पुढच्या वर्षी ती कोणासाठी तरी राखून ठेवता येईल, असं मनात आलं. राखून ठेवायला नियमाची काही आडकाठी नसावी. विचारून बघायला हवं.

११ ऑक्टोबर, शनिवार

जार्व्हियन आणि त्याचे आजोबा पाहुणे म्हणून आले. भरती व्हायच्या आधी कॉलेज पोराला दोन दिवस घरच्यांसह बोलावतं, जेवू घालतं, सामना दाखवतं. मी दाराशी टेबल टाकून नावाच्या चिठ्ठ्या देत होते.

जार्व्हियन दारातून वाकून आत आला. “मॅम, बिस्किटं कुठे आहेत तेवढं सांगा. आजोबांनी वाटेत कुठे थांबूच दिलं नाही.”

“थांबलो असतो तर इथल्या लोकांसाठी काही उरलं नसतं,” मागून आवाज आला.

मि. टार्व्हर माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. तपकिरी सूट, हातात टोपी, उन्हाने रापलेला डावा हात. एकतीस वर्षं तो गाडीच्या खिडकीबाहेर होता. मी त्यांची चिठ्ठी दिली. घाईत लिहिली होती, नेहमीच्याच अक्षरात. त्यांनी ती हातात घेतली आणि बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चिठ्ठीकडे.

मी म्हटलं, “नाव चुकलं का हो?”

“नाही, नाही. बरोबर आहे. सुंदर अक्षर आहे.”

“धन्यवाद. पलीकडे कॉफी आहे.”

पण ती चिठ्ठी त्यांनी कोटाला लावली नाही. नीट दुमडून आतल्या खिशात ठेवली. सगळे लावून हिंडत होते, यांनीच तेवढी लावली नव्हती. मी काही चुकीचं बोलले का, हाच विचार दिवसभर डोक्यात. कॉफीकडे बोट दाखवलं ते उद्धट वाटलं असेल. नुसतं बोट काय दाखवायचं, उठून दाखवायला हवी होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कोच तणतणत आले. “मिस व्हर्डेल, माझ्याकडे कसलं अंजिराचं झाड आहे?”

मी हातातली पाकिटं खाली ठेवली.

“त्या म्हाताऱ्याने मला पाचशे लोकांत विचारलं, ‘कोच, झाडाने यंदा काय दिलं?’ मला काय ठाऊक! मी म्हटलं, अहो, टोपल्या भरभरून! बायको मुरंबे घालून दमली!”

“मग? ते काय म्हणाले?”

“काही नाही. नुसता हसला. एवढा खूश झालेला माणूस मी आख्ख्या दिवसात पाहिला नाही. पण पुढच्या वेळी माझ्या अंगणात काही पेरलंत तर मला आधी सांगत चला!”

कोच गेले आणि मी डोक्याला हात लावून बसले. अकरा अंजिरं कुठे आणि टोपल्या कुठे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा धंदा एक दिवस अंगाशी येणार होताच. पोरगा हातचा गेला तर तो माझ्यामुळे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र आलं! अंजिराचा शब्दही नाही. विसरले असावेत, वय झालंय. उगाच आठ दिवस जीव मुठीत धरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

एक गंमत. इतके दिवस ‘प्रिय कोच’ म्हणून सुरुवात असायची. या वेळी वर काहीच नाव नाही, नुसतं ‘नमस्कार’. आणि मजकूरही फुटबॉलचा नाही. सकाळी गावातल्या दुकानातून उकडलेल्या शेंगा आणून ते एकटेच अंगणात बसून खातात, टरफलं पूर्वी बायकोच्या ॲप्रनमध्ये जायची, आता बादलीत जातात, असं काहीबाही. शेवटी विचारलंय, ‘तुमच्याकडे संध्याकाळी घरात कोण असतं?’

कोचच्या घरी बायको, तीन मुलं आणि दोन कुत्री. पण मी लिहिलं, ‘फारसं कोणी नाही. रेडिओ असतो.’ का लिहिलं कोण जाणे. माझा नवरा रॉइस, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. घरात कोण असतं, असं त्यानंतर मला कोणी विचारलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

जार्व्हियनसाठी पश्चिमेकडच्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीने बोली लावली. इथून दोन हजार मैल, बर्फाचे डोंगर. वर्षाला चार लाख डॉलर, तीन वर्षांचा करार. आमचा आकडा साठ हजार, एका वर्षाचा.

प्रेस्टन म्हणाला, “सोडून द्या. टॅकलचा उरलेला पैसा मी जानेवारीसाठी ठेवलाय. एक तेवीस वर्षांचा गडी बाजारात येतोय.”

कोच म्हणाले, “सोडायचं नाही. पोरगा आजोबांना सोडून लांब जाणार नाही. म्हातारा इकडे वळला की पोरगाही वळला. मिस व्हर्डेल, तुमची पत्रं त्याला आवडतात. लावा जोर.”

“आणि पोरगा आला, आणि तेवीसवाला पण आला तर?” मी विचारलं.

“तर बाकावर बसेल दोन वर्षं,” कोच म्हणाले. “त्याने काय मरत नाही कोणी.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं पत्र इथे उतरवून ठेवते. म्हणजे कधीतरी नीट समजेल.

‘नमस्कार. मी एकतीस वर्षं लोकांची पाकिटं वाटली. कोणाची लेक घरी पत्र लिहिते आणि कोणाची लिहीत नाही, कोण कोणावर रुसलंय, हे मला पाकीट न उघडता कळायचं. तेव्हा हा प्रश्न मी कोचला विचारत नाही. त्यांचं उत्तर मला ठाऊक आहे. जिच्या हातचं हे अक्षर आहे, जिने दाराशी मला चिठ्ठी दिली, जिच्या झाडाला अकरा अंजिरं लागली, तिला विचारतो. जार्व्हियन म्हणतो, तुम्ही सांगाल तिथे जाईन. मला काही सुचत नाही. तुमचा नातू असता तर काय केलं असतं?’

म्हणजे ऑक्टोबरपासून ठाऊक होतं! आणि मी त्यांना विसराळू म्हणत बसले. वाचून कानापर्यंत लाल झाले. खुर्चीवर बसवेना, म्हणून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून पत्र लिहिलं. इथेच पाठवा, म्हटलं. दीडशे मैल म्हणजे काही लांब नाही, दर शनिवारी तुम्हाला येता येईल, एफ रांगेत सावलीची खुर्ची आहे, सामना संपल्यावर नदीकाठी चांगला मासा मिळतो. पाऊण पान झालं. वाचून पाहिलं तर त्यात जार्व्हियनचं नाव एकदाही आलं नव्हतं.

फाडून टाकलं.

त्या पोराच्या भल्याचं काय आहे ते मला स्वच्छ दिसतंय. मग हात का चालत नाही? कोचच्या मिठाला जागायचं, दुसरं काय. चोवीस वर्षांची नोकरी आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहिलं. आणि टाकलंसुद्धा. ऑफिसच्या पेटीत नाही, गावातल्या मोठ्या पोस्टात. पाकिटावर उत्तरासाठी माझ्या घरचा पत्ता घातला.

‘मि. टार्व्हर, माझं नाव व्हर्डेल हॅचर. जार्व्हियनला तिकडे जाऊ द्या. इथे जानेवारीत त्याच्या जागेवर वयाने मोठा, तयार खेळाडू आणणार आहेत. तुमचा पोरगा दोन वर्षं बाकावर बसेल. आमचा करार एका वर्षाचा आहे, आणि दुखापत झाली तर रक्कम कमी करता येते. सातवं कलम वाचा. तिकडचा करारही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. टॅकलचे खांदे फार वर्षं टिकत नाहीत. ते शाबूत आहेत तोवर त्याने कमवावं. माझा नातू असता तर मी रडत रडत का होईना, पाठवलं असतं. हे पत्र कोणाला दाखवू नका, माझी नोकरी जाईल. अंजीर थंडीसाठी गोणपाटाने बांधून ठेवलंय.’

शेवटची ओळ कशाला घातली? काही संबंध नव्हता. पण पाकीट बंद करून झालं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

आज सह्यांचा दिवस. देशभरातली पोरं आपापल्या शाळेच्या व्यायामशाळेत टेबलावर टोप्या मांडून बसतात. ज्या कॉलेजची टोपी डोक्यावर, त्या कॉलेजात पोरगा. ऑफिसात मोठ्या पडद्यावर सगळे बघत होतो. कोचनी केकसुद्धा आणवला होता.

कॉर्डरीच्या टेबलावर दोनच टोप्या. जार्व्हियनने आधी आमची उचलली. ऑफिसात आरडाओरडा! त्याने टोपीवरची धूळ झटकली, नीट खाली ठेवली, आणि दुसरी घातली. शेजारी तपकिरी सुटातले आजोबा टाळ्या वाजवत होते. त्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, आमच्या टोपीकडे होते.

वार्ताहर पोरीने त्यांच्यापुढे माइक धरला. “नातू इतका लांब चाललाय, करमेल का तुम्हाला?”

“मी पण जातोय,” ते म्हणाले. “तो तिकडे मला घर घेऊन देतोय. म्हणाला, आजोबा येत नसतील तर मी सहीच करणार नाही. एवढ्या मोठ्या धिप्पाड पोराशी हुज्जत कोण घालणार?”

सगळी व्यायामशाळा हसली. माझ्या हातात केकची बशी होती. ती मी टेबलावर ठेवली आणि कॉपी यंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगा जाईल, आजोबा कॉर्डरीत एकटे राहतील, पत्रं येत राहतील. कदाचित आता आधीपेक्षा जास्त येतील, कोचचं नाव मध्ये नको, असा माझा हिशेब होता. हा हिशेब मी केला होता, हेसुद्धा मला त्या खोलीतच कळलं.

४ डिसेंबर, गुरुवार

कोच तोंड पाडून बसले होते. “काय कमी पडलं हो, मिस व्हर्डेल? म्हातारा इतका आपल्याकडे झुकला होता. मला वाटलं तुमच्या पत्रांनी काम फत्ते होणार.”

“तीन लाख चाळीस हजार कमी पडले, कोच.”

“हो, ते आहेच.” मग म्हणाले, “तुम्ही लिहायला कसूर केली नसेल, मला ठाऊक आहे.”

भला माणूस आहे. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले आणि त्यांनी मला केकचा उरलेला तुकडा घरी न्यायला बांधून दिला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

प्रेस्टनने एक यंत्र आणवलंय. खरं पेन धरून खऱ्या शाईने, कोणाच्याही अक्षरात लिहितं. दिवसाला आठशे पत्रं. “मिस व्हर्डेल, त्याला शिकवायला कोचच्या अक्षराची चार पानं हवीत. तुमच्याकडे असतील ना?”

त्याला अजून ठाऊकच नाही. दोन वर्षं माझ्यापासून दहा हातांवर बसतो!

“देते,” म्हटलं, आणि तिथेच बसून लिहून दिली. तो बघत उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर फोनवर नव्हती.

“म्हणजे... तुम्ही?”

“हो.”

“सगळी?”

“अकरा वर्षं.”

त्याने ती पानं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, निदान ती तरी खरी असतील.” मला राग यायला हवा होता. पण त्याचा चेहरा असा पडला होता की मीच त्याची समजूत घातली.

जानेवारीपासून मी गाड्या लावायचे पास बघणार. पगार तोच.

६ जानेवारी, मंगळवार

तेवीस वर्षांचा टॅकल आला. सोबत बायको आणि कुत्रं. चांगला आहे, अदबीने बोलतो, चौथं कॉलेज आहे त्याचं.

कॉर्डरीच्या साप्ताहिकात बातमी आहे, टार्व्हर मंडळी शनिवारी गेली. चर्चने जेवण दिलं.

नियमाची पुस्तिका मी पुन्हा वाचली. दुसऱ्या कॉलेजच्या खेळाडूशी किंवा त्याच्या घरच्यांशी आमच्या ऑफिसातल्या कोणी संपर्क ठेवला तर ते फूस लावणं ठरतं. दंड कॉलेजला, आणि त्या पोराचीही चौकशी. तेव्हा एक ओळही लिहायची नाही. त्यांनाही नियम ठाऊक असणार, जन्मभर सरकारी टपालात होते.

२४ जानेवारी, शनिवार

शनिवारी टपालवाला अकराला येतो. मी साडेदहालाच बाहेरचा ओटा झाडायला घेते. ओटा इतका स्वच्छ कधी नव्हता.

वहीशी तरी खोटं कशाला बोलू? मला त्या माणसाची आठवण येते. एकदाच पाहिला, दोन वाक्यं बोलले, त्यांतलं एक कॉफीचं. त्याने शेंगा कुठे बसून खाल्ल्या ते मला ठाऊक आहे, आणि आता तिथे शेंगा मिळतात का ते ठाऊक नाही. एकसष्टाव्या वर्षी हे असं. लोक हसतील म्हणावं तर लोकांना ठाऊकच नाही, म्हणून मीच हसायचा प्रयत्न करते. जमत नाही.

पोराला पाठवा म्हणून लिहिलं त्याचा पश्चात्ताप मात्र नाही. तेच पुन्हा लिहीन. पण ती सावलीतली खुर्ची डोळ्यांपुढून हलत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

यंत्राने आज पहिली फेरी काढली. जुन्या यादीतल्या सगळ्यांना कोचचं शुभेच्छापत्र. प्रेस्टनने कौतुकाने एक मला आणून दाखवलं. ‘प्रिय मित्र, तुम्ही आमच्या टॅलिसन कुटुंबाचे आहात. हे वर्ष आपलं!’

अक्षर हुबेहूब. एलसुद्धा बरोबर, कोचना कधी जमला नाही तो. मजकूर शंभर घरी जाऊन आलेल्या पाहुण्यासारखा.

“कसं वाटलं?” त्याने विचारलं.

“माझ्यापेक्षा नीटनेटकं आहे,” म्हटलं, आणि पास मोजत बसले.

३ मार्च, मंगळवार

आज ऑफिसला उशिरा जायचं होतं, ओटा झाडत होते. टपालवाल्याने पाकीट हातातच दिलं. तिकिटावर डोंगराचं चित्र.

‘मिस व्हर्डेल, काल तुमच्या अक्षरात एक पत्र आलं. कॉर्डरीच्या पत्त्यावरून फिरून आलं होतं, माझ्या जागी आता वाटप करते त्या पोरीने आठवणीने पुढे पाठवलं. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर तुमचंच आहे, पण तुम्ही त्यात कुठेच नाही. तुम्ही बऱ्या आहात ना? नियम मला ठाऊक आहे, तुमच्या नोकरीपायी गप्प बसलो होतो. पण प्रकृती विचारू नये असा नियम असेल तर तो कळवावा, म्हणजे मी तोही मोडीन. इथे संध्याकाळी घरात कोणी नसतं. पोरगं वसतिगृहात राहतं. ॲन्सेल टार्व्हर.’

ऑफिसात फोन करून कळवलं, आज येत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. सव्वाअकराला बसले, आता दोन वाजून गेले. हजारो पत्रं लिहिली, तोंड वर न करता लिहिली. आज पहिली ओळ सुचत नाही.